डावखुऱ्या हातासाठी छोटे पिस्तूल निवडताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण डावखुऱ्या आहात, डॅलसजवळ राहता, अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर टेक्सासचा पिस्तूल बाळगण्याचा परवाना काढला आहे, हाताचा पंजा लहान आहे आणि कपड्यांखाली दिसणार नाही असे ९ मिलिमीटर व्यासाची गोळी झाडणारे छोटे पिस्तूल आपल्याला घ्यायचे आहे. दुकानातील एका विक्रेत्याने सांगितले की डावखुऱ्या माणसाने ‘अँबिडेक्स्ट्रस’, म्हणजे दोन्ही बाजूंना सारख्या कळा असलेलेच पिस्तूल घ्यावे. दुसऱ्याने सांगितले की कोणतेही घेतले तरी हाताला सवय होते. यांपैकी कोणाचे ऐकावे, असे आपण विचारता.

दोघांचेही म्हणणे अर्धवट आहे. मी स्वतः डावखुरा आहे आणि टेक्सासमध्ये बरीच वर्षे पिस्तूल चालवायला शिकवत आलो आहे. माझे मत असे की पिस्तुलावरील सगळ्या कळांपैकी डावखुऱ्यासाठी निर्णायक ठरणारी कळ एकच, ती म्हणजे अंगठ्याने चालवायची सेफ्टी (बंद असताना गोळी सुटू न देणारी कळ). ती फक्त डाव्या बाजूला असेल, तर ते पिस्तूल कितीही चांगले असले तरी आपल्यासाठी नाही. बाकीच्या कळांना डाव्या हाताची तर्जनी पुरून उरते, आणि काही बाबतींत तर ती उजव्या हाताच्या अंगठ्यापेक्षा सरस ठरते. म्हणून दोन्ही बाजूंच्या कळांच्या शोधात जो पैसा आणि वेळ जातो, तो मुठीच्या मापाकडे, डाव्या हाताच्या होल्स्टरकडे (पिस्तूल अंगावर ठेवण्याच्या म्यानाकडे) आणि सरावाकडे वळवावा.

पुढे जाण्यापूर्वी कायद्याचा एक मुद्दा लिहितो. आपल्याला त्याची गरज नाही, पण हे उत्तर वाचणाऱ्या अनेक मराठी मंडळींना आहे. एच-१बी, एल-१ किंवा विद्यार्थी व्हिसावर अमेरिकेत राहणाऱ्या व्यक्तीला तेथील संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे जवळ बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. ग्रीन कार्डधारकाला ही मनाई लागू होत नाही. टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून पात्र प्रौढ व्यक्ती परवान्याशिवायही पिस्तूल बाळगू शकते, असे ऐकून काही जण ही मनाईसुद्धा उठली असे समजतात. तसे झालेले नाही. मित्राबरोबर रेंजवर (गोळीबाराच्या सरावाच्या जागी) जाऊन भाड्याचे पिस्तूल हातात घेणे हेही ‘जवळ बाळगणे’ ठरू शकते, आणि त्याचे परिणाम थेट व्हिसावर होतात. ज्यांची परिस्थिती स्पष्ट नसेल त्यांनी दुकानात जाण्याआधी वकिलाला विचारावे. आपण परवाना काढलात हे उत्तम केलेत, कारण इतर अनेक राज्ये टेक्सासचा परवाना मान्य करतात आणि त्यांपैकी काही राज्यांत परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येत नाही.

आता मुख्य विषय. नेहमीचे पिस्तूल उजव्या हातासाठी रचलेले असते. उजव्या हाताने मूठ धरली की अंगठा पिस्तुलाच्या डाव्या बाजूला येतो, म्हणून मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) सोडण्याचे बटण, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) मागे अडकवून ठेवणारी कळ आणि असल्यास सेफ्टी या तिन्ही गोष्टी डाव्या बाजूला बसवलेल्या असतात. रिकामी पुंगळी, म्हणजे झाडलेल्या काडतुसाचे कवच, उजवीकडच्या खिडकीतून बाहेर पडते. डाव्या हाताने तेच पिस्तूल धरले की अंगठा उजव्या बाजूला जातो आणि डावीकडे तर्जनी राहते. आधाराला घेतलेल्या उजव्या हाताचा अंगठाही उजव्याच बाजूला येतो. दोन्ही अंगठे उजवीकडे आणि तर्जनी डावीकडे, एवढी मांडणी डोळ्यांसमोर ठेवली की पुढचे सगळे आपोआप उलगडते.

सेफ्टीपासून सुरुवात करतो. अंगठ्याने खाली दाबून उघडायची सेफ्टी फक्त डावीकडे असेल, तर डावखुऱ्याला ती उघडण्यासाठी एकतर मूठ सैल करून अंगठा मागून पलीकडे न्यावा लागतो, किंवा तर्जनीने खाली ओढावी लागते. होल्स्टरमधून पिस्तूल काढताना, तेही घाबरलेल्या अवस्थेत, या दोन्ही गोष्टी भरवशाने होत नाहीत. स्मिथ अँड वेसनचे शील्ड हे २०१२ साली आलेले पिस्तूल आणि त्याची २०२१ मधील सुधारित आवृत्ती शील्ड प्लस, दोन्ही मुळात चांगली आहेत, पण त्यांची अंगठ्याची सेफ्टी केवळ डावीकडे असते. सुदैवाने ती दोन्ही पिस्तुले अशा सेफ्टीशिवायही मिळतात. डावखुऱ्याने तीच घ्यावीत. ‘सेफ्टी असलेले घ्या आणि ती कायम उघडीच ठेवा’ हा सल्ला कोणी दिला तर मानू नये. कपड्याच्या किंवा होल्स्टरच्या घर्षणाने ती नकळत बंद होऊ शकते, आणि मग ऐन वेळी ट्रिगर दाबूनही काहीच होत नाही. ज्यांना सेफ्टी हवीच आहे त्यांच्यासाठी ती दोन्ही बाजूंना असलेली पिस्तुले आहेत. सिग सॉअर पी३६५ ची सेफ्टी असलेली आवृत्ती आणि स्प्रिंगफील्ड हेलकॅटची तशीच आवृत्ती, या दोन्हींत कळ दोन्हीकडे असते.

सेफ्टी हवी की नको हा प्रश्न डाव्या-उजव्याचा नाही, स्वभावाचा आणि सरावाचा आहे. ग्लॉक कंपनीच्या पिस्तुलांसारख्या पिस्तुलांत बाहेरून चालवायची वेगळी सेफ्टी नसते. ट्रिगरच्या मध्यभागी एक छोटी पट्टी असते आणि आतील यंत्रणा पिस्तूल पडले तरी गोळी सुटू देत नाही. पण ट्रिगर दाबला गेला की गोळी सुटतेच, मग तो बोटाने दाबला जावो किंवा होल्स्टरमध्ये अडकलेल्या शर्टाच्या टोकाने. त्यामुळे ट्रिगर पूर्ण झाकणारे ताठ होल्स्टर आणि पिस्तूल परत आत ठेवताना मुद्दाम धीमेपणा, या दोन गोष्टींची जबाबदारी घेता येत असेल तर सेफ्टीशिवायचे पिस्तूल डावखुऱ्याला सोपे पडते.

मॅगझीन सोडण्याच्या बटणाबद्दल सर्वांत जास्त गैरसमज आहेत. हल्लीच्या बहुतेक पिस्तुलांत हे बटण काढून उजव्या बाजूला बसवता येते. ग्लॉकने ही सोय २०१० च्या चौथ्या पिढीपासून दिली. पी३६५, हेलकॅट आणि ग्लॉक ४३एक्स यांतही ती आहे. विकत घेतल्याच्या दिवशीच बटण फिरवून घ्यावे असे डावखुऱ्याला वाटणे साहजिक आहे. मी मात्र विद्यार्थ्यांना आधी काही आठवडे ते मूळ जागी, म्हणजे डावीकडेच ठेवून पाहायला सांगतो. त्याचे कारण असे की डावीकडचे बटण तर्जनीच्या टोकाने दाबता येते आणि त्यासाठी मूठ हलवावी लागत नाही. उजव्या हाताने पिस्तूल चालवणाऱ्यांपैकी ज्यांचा पंजा लहान असतो त्यांना बटणापर्यंत अंगठा पोहोचवण्यासाठी पिस्तूल हातात किंचित फिरवावे लागते आणि नंतर पकड पुन्हा बसवावी लागते. आपला पंजा लहान आहे, म्हणून हा फरक आपल्याला लगेच जाणवेल. शिवाय बटणावर असलेली तर्जनी त्या वेळी ट्रिगरवर नसते, हे सुरक्षिततेच्या दृष्टीने फार मोलाचे आहे.

एक गोष्ट मात्र तपासावी लागते. काही जणांच्या पकडीत मधल्या बोटाचे मूळ डावीकडच्या बटणावर दाबले जाते आणि गोळी झाडताना मॅगझीन सुटते. बटण लांबट आणि उंच असेल तर हे जास्त होते. रेंजवर घट्ट पकडीने काही मॅगझिने झाडून पाहिली की असे होते का ते कळते. होत असेल तर बटण फिरवावे, आणि फिरवल्यावर हाताला नव्याने सराव द्यावा. ग्लॉकचे बटण फिरवताना एक तांत्रिक बाब लक्षात ठेवावी. चौथ्या पिढीच्या आधीच्या जुन्या मॅगझिनांना खाच एकाच बाजूला असते. बटण उजवीकडे नेल्यावर ती मॅगझिने पिस्तुलात अडकून राहत नाहीत. जुनी मॅगझिने कोणी भेट दिली किंवा स्वस्तात मिळाली, तर त्यांच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आधी पाहाव्यात.

हेकलर अँड कॉख या जर्मन कंपनीने वेगळा मार्ग घेतला. तिच्या व्हीपी९एसके आणि पी३०एसके या छोट्या पिस्तुलांत बटणाऐवजी ट्रिगरच्या कडीच्या मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी एक पट्टी असते आणि ती खाली दाबली की मॅगझीन सुटते. स्लाइडची कळही त्यांत दोन्हीकडे असते. व्हीपी९एसके ची मूठ मागच्या आणि बाजूच्या वेगवेगळ्या पट्ट्या लावून हाताच्या मापाची करता येते, आणि बाजूच्या पट्ट्या स्वतंत्रपणे निवडता येत असल्यामुळे तळव्याचा फुगवटा डाव्या हाताला हवा तिथे आणता येतो. डावखुऱ्या माणसाचा इतका बारकाईने विचार मी फार थोड्या पिस्तुलांत पाहिला आहे. किंमत जास्त आहे आणि जाडीही पी३६५ सारख्या सडपातळ पिस्तुलांपेक्षा जास्त आहे, पण परवडत असेल तर रेंजवर एकदा झाडून पाहावे.

स्लाइडच्या कळेबाबत थोडे उलटे चित्र आहे. शेवटची गोळी झाडल्यावर ही कळ वर येते आणि स्लाइडला मागे अडकवून ठेवते. उजव्या हाताने पिस्तूल चालवणाऱ्या अनेकांचे अंगठे नेमके या कळेवर टेकतात, तिला वर येऊ देत नाहीत, आणि पिस्तूल रिकामे झाल्याचे कळतच नाही. छोट्या पिस्तुलांत जागा कमी असल्याने ही तक्रार नेहमीची आहे. डावखुऱ्याचे दोन्ही अंगठे उजवीकडे असतात, त्यामुळे कळ फक्त डावीकडे असलेल्या पिस्तुलात त्याला हा त्रास होत नाही. दोन्ही बाजूंना कळ असलेले पिस्तूल घेतले की हा फायदा जातो आणि उजव्या हाताच्या माणसाची अडचण आपल्या वाट्याला येते. कळ फक्त डावीकडे असेल तेव्हा स्लाइड मागे ओढून धरून डाव्या तर्जनीने ती वर ढकलता येते. नवे मॅगझीन घातल्यावर स्लाइड पुढे सोडण्यासाठी उजव्या हाताने ती मागून पकडून जोरात ओढावी आणि सोडून द्यावी. ही पद्धत कळ कुठेही असली तरी चालते, कोणत्याही पिस्तुलावर चालते, आणि लहान बोटांना छोट्या कळेवर जोर द्यावा लागत नाही.

स्लाइड ओढताना डावखुऱ्याने एका गोष्टीची काळजी घ्यायची असते. उजवा हात वरून आला की तळव्याची टाच स्लाइडच्या उजव्या अंगावर बसते, आणि पुंगळी बाहेर पडण्याची खिडकी त्याच अंगाला असते. तीन-सव्वातीन इंच नळीच्या पिस्तुलात खिडकीच्या मागे जागा थोडी असते. हात पुढे सरकला तर खिडकी झाकली जाते, पुंगळी आतच अडकते आणि तळव्याला इजाही होऊ शकते. म्हणून पकड मागच्या खाचांवर, मागील साइटच्या (नेम धरण्याच्या खुणेच्या) लगत असावी. पिस्तूल अडकले असता ते मोकळे करताना मात्र डावखुऱ्याचे पारडे जड आहे. डावे मनगट सहज आत वळते तेव्हा पिस्तुलाची उजवी बाजू, म्हणजे खिडकी, जमिनीकडे जाते आणि अडकलेली पुंगळी स्वतःच्या वजनाने खाली पडते.

पुंगळ्या चेहऱ्यावर येतात का, असेही आपण विचारले आहे. पिस्तूल दोन्ही हात लांब करून धरलेले असते, पुंगळी उजवीकडे आणि मागे उडते, आणि बहुतेक वेळा उजव्या खांद्यावरून निघून जाते. पकड सैल असेल किंवा काडतुसे कमी ताकदीची असतील तर पुंगळ्या सरळ मागे येतात आणि कपाळावर लागतात. तापलेली पुंगळी गळ्यातून शर्टात गेली तर माणूस दचकून हातातले पिस्तूल कुठेही वळवतो, आणि खरा धोका त्यात आहे. रेंजवर बंद गळ्याचा कपडा, पुढे चोच असलेली टोपी आणि बाजूंनीही झाकणारा चष्मा घालावा. हा नियम सर्वांसाठीच आहे, पण डावखुऱ्यांनी तो कधीच मोडू नये.

आता प्रत्यक्ष पिस्तुले. सडपातळ गटात सिग सॉअर पी३६५ हे २०१८ साली आले आणि त्याने या बाजाराचे रूपच बदलले. नळी ३.१ इंच, वजन रिकाम्या मॅगझीनसह सुमारे ५०० ग्रॅम आणि तळाशी समतल बसणाऱ्या मॅगझीनमध्ये १० काडतुसे. त्यापूर्वी एवढ्या मापाच्या पिस्तुलात सहा-सात काडतुसे मिळत असत. हेलकॅट २०१९ मध्ये आले, त्यात नळी ३ इंच आणि ११ काडतुसे. दोन्हींची स्लाइडची कळ केवळ डावीकडे आहे आणि वर सांगितलेल्या कारणाने त्याची चिंता नको. ग्लॉक ४३एक्स मध्येही १० काडतुसे बसतात. त्याची मूठ या दोघांपेक्षा लांब आहे, म्हणून करंगळीला जागा मिळते, मात्र तेवढीच लांब मूठ शर्टावरून उठून दिसण्याची शक्यताही वाढते.

आपण ‘छोटे’ म्हणता तेव्हा थोडे थांबून विचार करावा असे मला वाटते. पिस्तूल जेवढे लहान आणि हलके, तेवढा त्याचा झटका जास्त आणि साइटमधील अंतर कमी असल्याने नेम साधणे कठीण. सुरुवातीला अतिशय छोटे पिस्तूल घेणारे अनेक जण रेंजवर जायला कंटाळतात, कारण पन्नास गोळ्यांनंतर हात दुखू लागतो, आणि सराव सुटला की पिस्तूल जवळ असण्याला अर्थ उरत नाही. पंजा लहान असल्याने आपल्याला जाड मूठ नको हे खरे, पण पी३६५एक्सएल सारखे मधले माप पाहावे. त्यात नळी ३.७ इंच आणि काडतुसे १२ आहेत, आणि जाडी मात्र सडपातळच राहते. त्याहून मोठ्या गटात पाचव्या पिढीचे ग्लॉक १९, स्मिथ अँड वेसनचे एम अँड पी २.० कॉम्पॅक्ट, सीझेड पी-१० सी आणि वॉल्थर पीडीपी कॉम्पॅक्ट ही पिस्तुले येतात. नळी चार इंचांच्या आसपास, काडतुसे १५, आणि चारही पिस्तुलांत स्लाइडची कळ दोन्ही बाजूंना आहे. एफएन ५०९ कॉम्पॅक्टमध्ये तर मॅगझीनचे बटणसुद्धा दोन्हीकडे असते. ही पिस्तुले झाडायला सुखद आहेत, पण टेक्सासच्या उन्हाळ्यात पातळ कुर्त्याखाली दिवसभर लपवणे आपल्या बांध्याला जमेल का, ते घालून पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

दोन्ही बाजूंच्या कळा अलीकडे एवढ्या सर्रास दिसू लागल्या, त्यामागे सरकारी खरेदीचा मोठा हात आहे. अमेरिकी लष्कराने जानेवारी २०१७ मध्ये सिगचे पी३२० हे एम१७ या नावाने निवडले. त्या स्पर्धेत कळा दोन्ही हातांनी चालाव्यात अशी अट होती, आणि त्याच वर्षी आलेल्या ग्लॉकच्या पाचव्या पिढीतही स्लाइडची कळ दोन्हीकडे झाली. त्याआधी डावखुऱ्याला हवे तसे पिस्तूल हवे असेल तर फार दुर्मीळ वस्तूंच्या मागे लागावे लागे. कॅलिफोर्नियातील रँडल या कंपनीने १९८० च्या दशकात काही वर्षे ‘१९११’ या जुन्या लष्करी पिस्तुलाच्या पद्धतीचे पिस्तूल आरशातील प्रतिमेसारखे उलटे बनवले होते, खिडकी डावीकडे आणि सेफ्टी उजवीकडे. आज ती पिस्तुले संग्राहकांकडे आहेत. त्या ओढीचे मला कौतुक वाटते, पण रोज जवळ बाळगण्यासाठी असे सुटे भाग न मिळणारे पिस्तूल घेऊ नये.

रिव्हॉल्व्हर हा पर्याय आपल्याला कोणीतरी सुचवला आहे, कारण त्याला सेफ्टी नाही, स्लाइड नाही आणि ट्रिगर दोन्ही हातांना सारखाच. झाडण्यापुरते हे खरे आहे. भरताना मात्र अडचण येते. स्मिथ अँड वेसनच्या छोट्या जे-फ्रेम रिव्हॉल्व्हरची कळ डावीकडे असते आणि सिलिंडरही डावीकडेच उघडतो, त्यामुळे डावखुऱ्याला रिव्हॉल्व्हर हातात बदलून घ्यावे लागते. चार्टर आर्म्स या कंपनीने साउथपॉ नावाचे, सिलिंडर उजवीकडे उघडणारे रिव्हॉल्व्हर खास डावखुऱ्यांसाठी काढले आहे. तरीही पाच काडतुसे, जड ट्रिगर आणि हलक्या रिव्हॉल्व्हरचा तीव्र झटका पाहता नव्याने शिकणाऱ्या लहान पंजाच्या व्यक्तीला मी ते सुचवत नाही.

होल्स्टरबद्दल मला सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे. पिस्तूल एकदाच निवडायचे असते, होल्स्टर मात्र रोज अंगावर असते, आणि डावखुऱ्याची खरी गैरसोय तिथेच होते. दुकानात टांगलेली जवळपास सगळी होल्स्टरे उजव्या हाताची असतात. पिस्तूल ठरवण्याआधी त्या पिस्तुलासाठी डाव्या हाताचे, कायडेक्ससारख्या ताठ प्लास्टिकचे होल्स्टर कोण बनवते हे शोधावे. ग्लॉक, पी३६५, शील्ड आणि हेलकॅट यांसाठी ते सहज मागवता येते. कमी खपाच्या पिस्तुलासाठी कधी महिनोन्महिने थांबावे लागते, आणि तेवढ्या एका कारणासाठी ते पिस्तूल यादीतून काढणे मला योग्य वाटते. उजव्या हाताचे होल्स्टर पोटावर आडवे लावून चालवून घेऊ नये, तसेच सर्वांना बसणारे मऊ कापडी होल्स्टरही घेऊ नये. मऊ होल्स्टर बाहेरून दाबले गेले तर ट्रिगरही दाबला जाऊ शकतो.

घड्याळाच्या भाषेत सांगायचे तर बेंबीला बारा धरल्यास उजव्या हाताचा माणूस पिस्तूल एकवर किंवा तीन-चारवर ठेवतो. आपली जागा अकरावर किंवा आठ-नऊवर येईल. सडपातळ बांध्याला अकराची जागा कपड्याखाली चांगली लपते आणि पिस्तूल सतत आपल्या नजरेच्या टप्प्यात राहते. तिथे नळीचे तोंड मांडीच्या दिशेने असते, म्हणून पिस्तूल आत घालताना घाई अजिबात नको. पट्ट्याचे एक बारीक गणित डावखुऱ्यांना कोणी सांगत नाही. पुरुषांच्या पद्धतीचा पट्टा नेहमीच्या रीतीने ओवला तर त्याचे मोकळे टोक डाव्या अंगाला येते, आणि अकराच्या जागी होल्स्टरची पकड पट्ट्याच्या दुहेरी जाडीवर बसू पाहते. पट्टा उलट बाजूने ओवला की ही अडचण मिटते.

अमेरिकेतील मोटारीत चालकाच्या सीटबेल्टचे कुलूप उजव्या नितंबाशी असते. उजवीकडे पिस्तूल बाळगणाऱ्याला तो अडथळा होतो, आपल्याला होणार नाही. त्याऐवजी दरवाजाच्या हातटेकणीवर आठ-नऊच्या जागेवरचे पिस्तूल घासते. मॅगझीनचे बटण डावीकडे असेल तर ते बाहेरच्या अंगाला राहते, त्यामुळे होल्स्टरची कड त्या बटणाभोवती उंच आहे ना, हे पाहावे. बटण फिरवून उजवीकडे घेतले असेल तर ते शरीराच्या बाजूला येते आणि होल्स्टरच्या आतल्या पडद्याने दाबले जात नाही ना, हे तपासावे. जादा मॅगझीन उजव्या अंगाला, काडतुसांची टोके पुढे करून ठेवावे.

पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याचा विचार आपण लिहिला आहे. तो सोडून द्यावा अशी माझी विनंती आहे. पर्स खांद्यावरून उतरते, खुर्चीला लटकते, मुलांच्या हाती लागते. पिस्तूल अंगावर असावे किंवा कुलूपबंद पेटीत, तिसरी जागा नको.

डावखुऱ्या लोकांत उजवा डोळा प्रबळ असणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय आहे. दोन्ही डोळे उघडे ठेवून दूरच्या एखाद्या वस्तूवर बोट रोखावे आणि एकेक डोळा मिटून पाहावे. जो डोळा उघडा असताना बोट वस्तूवरच राहते तो प्रबळ डोळा. तो उजवा निघाला तरी हात बदलण्याची गरज नाही, रायफलमध्ये हा प्रश्न मोठा असतो, पिस्तुलात नसतो. पिस्तूल किंचित उजवीकडे, त्या डोळ्यासमोर आणावे, मान मात्र सरळ ठेवावी. रेंजवर भिंतीला लावलेले, गोळ्या कुठे गेल्या त्यावरून चूक सांगणारे तक्ते उजव्या हातासाठी छापलेले असतात. आपण ते डावे-उजवे उलटे करून वाचावेत. ट्रिगर झटक्याने दाबल्यास उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या डावीकडे खाली जातात, आपल्या उजवीकडे खाली जातील.

टेक्सासमध्ये मॅगझीनच्या क्षमतेवर मर्यादा नाही, पण कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सी येथे ती १० काडतुसांची आहे, त्यामुळे तिकडे राहणाऱ्या वाचकांना मोठ्या मॅगझीनच्या पिस्तुलाचा तो फायदा मिळत नाही. कॅलिफोर्नियात तर राज्याच्या मान्यताप्राप्त यादीमुळे दुकानातील ग्लॉक दीर्घकाळ तिसऱ्या पिढीचेच राहिले, आणि त्यांचे मॅगझीन बटण फिरवता येत नाही. तेथील डावखुऱ्यांनी तर्जनीची पद्धत शिकून घ्यावीच.

आपल्यासाठी माझी सूचना अशी. भाड्याने पिस्तुले देणाऱ्या रेंजवर जाऊन एकाच दिवशी पी३६५एक्सएल, ग्लॉक ४३एक्स आणि सेफ्टी नसलेले शील्ड प्लस झाडून पाहावे, आणि जमल्यास व्हीपी९एसके सुद्धा. प्रत्येकाबाबत आधी रिकाम्या पिस्तुलावर चार गोष्टी पाहाव्यात: तर्जनीचे पहिले पेर मूठ न हलवता ट्रिगरवर येते का, तीच तर्जनी मॅगझीनच्या बटणावर पोहोचते का, स्लाइडची कळ तिने वर ढकलता येते का, आणि उजव्या हाताने मागच्या खाचांवरून स्लाइड पूर्ण ओढता येते का. मग १२४ ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीचे वजन मोजण्याचे एकक) साध्या काडतुसांची दोन-तीन मॅगझिने झाडावीत आणि पाच यार्डांवर गोळ्या तळहाताएवढ्या जागेत राहतात का ते पाहावे. आपल्या पंज्याचे वर्णन वाचून मला वाटते की पी३६५एक्सएल बसेल. बटण सध्या डावीकडेच ठेवावे, डाव्या हाताचे होल्स्टर त्याच दिवशी मागवावे, आणि ते येईपर्यंत पिस्तूल घराबाहेर नेऊ नये.